नाल्याचे सालदार कोणी मारले?



शहरातले शहाणे म्हणतात, शेतकऱ्याने औषधे मारून पाणी नासवले. आम्ही अंग झटकत नाही. फवारणीचा पंप नाल्यात धुणारे हात आमचेच आहेत. पण त्या हातात डबा कोणी दिला आणि देताना काय सांगितले नाही, तेही एकदा बोलू.

डब्यावरचा त्रिकोण आपण पाहतो. लाल म्हणजे जहाल, हिरवा म्हणजे सौम्य. हे माप उंदरासारख्या जनावरांवर प्रयोग करून ठरते. मासे, झिंगे, पाणकिडे त्या रंगात मोजलेलेच नाहीत. बोंडअळीवरच्या सायपरमेथ्रीनला लाल त्रिकोण नाही. पण एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा. त्यातले पाच-सहा भाग लिटरभर पाण्यात मिसळले तरी कित्येक जातींचे पाणकिडे आणि मासे मरतात.

किडा मेला तर आमचे काय गेले? बरेच गेले. हे किडे म्हणजे नाल्याचे बिनपगारी सालदार. ठिपक्याएवढे पाणकिडे शेवाळ खाऊन पाणी निवळ ठेवतात. दुसरे पालापाचोळा कुरतडून जिरवतात. त्यांच्यावर मासे जगतात आणि मासे डासांच्या अळ्या खातात. सालदार मेले की शेवाळ मोकाट सुटते. वरून वाहून आलेल्या युरिया-डीएपीचा खुराक! शेवाळ माजते, कुजते, पाण्यातला प्राणवायू संपवते. पहाटे मासे तोंड वर काढून मरतात. तेच पाणी आमचा बैल पितो, तेच पाझरून विहिरीत उतरते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना माणसे दगावली. तेव्हा तोंडाला फडके का बांधले नाही, असे मेलेल्यांनाच विचारले गेले. मेलेल्या नाल्याचा गुन्हाही आमच्याच माथी मारायचा डाव आहे. तुडतुड्यांवरचे इमिडाक्लोप्रिड युरोपीय संघाने मधमाशांसाठी २०१८ साली उघड्या शेतात बंद केले. तिथल्या माशीची किंमत आमच्या माणसापेक्षा जास्त आहे काय?

म्हणून आमची मागणी सरळ आहे. पाण्यातल्या जीवांना किती विष, हे डब्यावर ठळक मराठीत छापा. पावसाळ्यात नाल्या-तलावांचे पाणी सरकारी खर्चाने तपासा आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. रिकामे डबे कंपनीने परत न्यावेत.

आणि आपण? पंप नाल्यात धुणार नाही, पाण्यापासून लांब, आपल्याच धुऱ्यावर धुऊ. आपले काम आपण आजपासून करू. त्यांचे काम त्यांच्याकडून करवून घ्यायला एकजूट लागेल.