केसपेपर आणि चौदा आकडे

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा यांनी शिरोळ तालुक्याला वेढा घातला, तेव्हा हजारो माणसे नेसत्या वस्त्रांनिशी निवारा छावण्यांत आली. त्यांत मधुमेहाचे, रक्तदाबाचे, हृदयविकाराचे जुने रुग्णही होते. अशा वेळी छावणीतल्या डॉक्टरने "कोणत्या गोळ्या घेता?" असे विचारावे आणि "एक पांढरी, एक तांबडी" एवढेच उत्तर मिळावे, हे ठरलेले. औषधाची चिठ्ठी घरात, घर पाण्यात. आणि ज्याला सारे तोंडपाठ तो फॅमिली डॉक्टरही पलीकडच्या तीरावर अडकलेला. २०२१ च्या जुलैत महापूर पुन्हा आला. रुग्णाची माहिती एका दवाखान्याच्या कपाटाबाहेरही मिळू शकावी, हा विचार या जिल्ह्याला निराळा पटवून देण्याचे कारण नाही.

तरीही केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू केलेल्या 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन'कडे गल्लीतला डॉक्टर साशंकतेनेच पाहतो. या योजनेत प्रत्येक नागरिकाला 'आभा' नावाचा चौदा आकडी क्रमांक मिळतो. सत्तर कोटींहून अधिक क्रमांक आजवर दिले गेले आहेत. रुग्णाचे कागद एका मध्यवर्ती कोठारात न साठवता जिथल्या तिथे ठेवायचे आणि रुग्णाने संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचे, अशी तिची रचना आहे. रचना विचारपूर्वक केलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु क्रमांक देणे वेगळे आणि त्या क्रमांकामागे रोजच्या तपासणीची नोंद असणे वेगळे. ती नोंद करायची कोणी?

संध्याकाळच्या तीन तासांत पन्नास रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरजवळ प्रत्येकासाठी जेमतेम साडेतीन मिनिटे असतात. तेवढ्यात नाडी पाहायची, घरची चौकशी करायची, चिठ्ठी लिहायची. त्याच्या केसपेपरवरील चार ओळी दुसऱ्या कोणाला वाचता येत नसतील, पण त्याला स्वतःला त्यातून दहा वर्षांचा इतिहास आठवतो. आता हे सारे संगणकावर उतरवायचे तर वेळ रुग्णाचा जाणार किंवा पगार नव्या नोकराचा वाढणार. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नियमावली काढून तीन वर्षांत सर्व नोंदी संगणकीकृत करण्याचे बंधन घातले होते. इतर काही तरतुदींवरून वादळ उठले आणि त्याच महिन्यात ती नियमावलीच स्थगित झाली. खर्चाचा प्रश्न मात्र तेथेच राहिला.

इंग्लंडचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. तेथील फॅमिली डॉक्टरांनी १९९० च्या दशकात संगणक आपलासा केला, कारण त्याच्या खर्चाचा वाटा सरकारने उचलला आणि नोंदी त्यांच्या स्वतःच्या कामाच्या होत्या. उलट, २००२ मध्ये वरून लादलेला राष्ट्रीय संगणकीकरणाचा अवाढव्य कार्यक्रम २०११ मध्ये गुंडाळावा लागला. पुढे डॉक्टरांकडील माहिती एकत्र करण्याची 'केअर डॉट डेटा' ही योजनाही लोकांच्या अविश्वासामुळे २०१६ मध्ये बंद झाली.

अविश्वासाचे हे कारण आपल्याकडे अधिक गंभीर आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'ची संगणक यंत्रणा सायबर हल्ल्याने कोलमडली आणि कित्येक दिवस कारभार हातानेच चालवावा लागला. जेथे 'एम्स'ची ही अवस्था, तेथे दोन खोल्यांच्या दवाखान्याने कोणता पहारा बसवावा? २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात माहिती सुरक्षित न राखल्यास कमाल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान दवाखान्याला एवढा दंड कोणी करणार नाही, हे खरे; पण जबाबदारी कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे त्याला कोणी समजावून सांगितलेले नाही.

संमतीचेही तसेच. कागदावर ती रुग्णाची असते. प्रत्यक्षात ती ज्याच्या हातात मोबाईल त्याची होते. सुनेच्या वंध्यत्वाचे किंवा मुलीच्या मानसिक उपचारांचे कागद घरातल्या एकाच फोनवर उघडत असतील, तर डॉक्टरच्या टेबलापलीकडे न गेलेली गोष्ट स्वयंपाकघरात पोहोचेल. कुटुंबातील तीन पिढ्यांची गुपिते सांभाळणारा डॉक्टर येथे हात आखडता घेतो, त्याला आडमुठेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

म्हणून सुरुवात लहान असावी. संपूर्ण केसपेपर मागू नये. चालू औषधे, औषधांची वावडी, जुने आजार, मोठ्या शस्त्रक्रिया एवढेच एका पानात मावेल. त्यातही काय दाखवायचे नाही, हे रुग्णाने डॉक्टरसमोर बसून सांगावे. ते पान भरण्याचा मोबदला योजनेने द्यावा आणि त्याची छापील प्रतही रुग्णाजवळ राहावी, कारण महापुरात वीज आणि फोन सर्वांत आधी जातात. शिरोळ आणि करवीर तालुक्यांतील पूररेषेतल्या गावांपासून, नियमित औषधे घेणाऱ्या रुग्णांपुरते, हे काम हाती घेतले तर ते पुढच्या पावसाळ्याआधी पुरे होऊ शकते.