जुन्या गाडीचं वायरिंग : जोड नको, बदलाच!

पार्किंगमध्ये एखादी जुनी जावा नाहीतर येझदी उभी राहिली, की लेक्चरला उशीर झालेली मंडळीही दोन मिनिटं थांबतात. टाकीचं क्रोम, दोन बाजूंना दोन सायलेन्सर, किक मारायचा आणि गिअर टाकायचा एकच दांडा... कौतुक संपतच नाही! म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीचं उत्पादन १९९६ साली बंद पडलं. म्हणजे त्यांची सगळ्यात धाकटी येझदीसुद्धा आता चांगलीच वयात आली आहे. अशा गाड्या टिकवणाऱ्यांबद्दल आदर आहेच. पण एक तक्रारही आहे. गाडी 'रिस्टोअर' करताना इंजिन उघडतात, टाकी रंगवतात, सीट शिवून घेतात. आणि वायरिंग? 'चालतंय ना, राहू दे!'

माझं मत स्पष्ट आहे. जुन्या गाडीचं वायरिंग जोड देऊन चालवू नये, ते पूर्ण बदलावं. आणि आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी असू, तर ते आपणच बदलावं.

आधी वायर म्हातारी कशी होते ते पाहू. तांब्यावरच्या पीव्हीसीला मऊपणा येण्यासाठी त्यात जे मिसळलेलं असतं, ते उष्णतेनं वर्षानुवर्षं निघून जातं. इन्सुलेशन कडक होतं, मग तडकतं. सगळ्यात आधी कुठे? तर हँडल वळताना वायर रोज दुमडते तिथे, आणि इंजिनच्या जवळ. आतलं तांबं ओलाव्यानं काळं-हिरवं पडतं. त्यातून जुन्या गाडीला प्रत्येक मालकानं आपापला जोड दिलेला असतो. पीळ मारला, काळी टेप गुंडाळली, झालं काम! चार उन्हाळ्यांत ती टेप चिकट होऊन सुटते.

आता थोडं गणित. फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये जे शिकलो, तेवढंच पुरतं. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या. ३५ वॅटचा दिवा ६ व्होल्टवर जवळपास ६ अँपिअर करंट घेतो, १२ व्होल्टवर त्याच्या निम्मा. समजा, खराब जोडांमुळे वाटेत फक्त ०.१ ओहम रोध वाढला. ६ व्होल्टच्या गाडीत अर्ध्या व्होल्टहून जास्त तिथेच खर्च होतो. बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगानं घटतो, त्यामुळे जवळपास पाव उजेड गेला! तोच ०.१ ओहम १२ व्होल्टच्या गाडीत दहावा हिस्साही उजेड खात नाही. 'जुन्या गाड्यांचे दिवे असेच मिणमिणते' असं म्हणून आपण ज्यावर हसतो, त्यातला बराच दोष वायरचा असतो. वरंध घाटात रात्री हा विनोद राहत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट आगीची. वायरिंग जातं कुठून? थेट पेट्रोलच्या टाकीखालून! तडकलेली वायर फ्रेमला टेकली की शॉर्ट. फ्यूज उडाला तर वाचलो. पण तिथे फ्यूजऐवजी सिगारेटच्या पाकिटातली चांदी नाहीतर तांब्याची तार गुंडाळलेली असली, तर? मग फ्यूजचं काम वायरच करते, म्हणजे स्वतः जळते. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी नसतो, वायरच्या रक्षणासाठी असतो, हे किती जणांना ठाऊक आहे?

तुम्ही म्हणाल, 'मीटर लावून बघितलं, बीप येतो, वायर चांगली आहे.' बीपवर जाऊ नका! वायरच्या वीस तारांपैकी एक शाबूत असली तरी बीप येणारच. दिवा चालू ठेवा आणि बॅटरी व बल्बच्या मध्ये किती व्होल्ट गळतात ते मोजा. खरं उत्तर तिथे मिळतं.

दुसरा आक्षेप शौकीन मंडळींचा : 'ओरिजिनलपणा जातो.' ओरिजिनलपणा जपायचाच असेल तर रंगसंगती जपा, वायरचा मार्ग जपा, बाहेरचं आवरण जुन्या पद्धतीचं घाला. आतलं तांबं नवं असलं तर कोणाचं काय बिघडतं? टायर नाही का आपण बदलत?

तिसरा आक्षेप : 'नाना पेठेत तयार वायरिंग मिळतं, वायरिंगवाला बसवून देतो.' मिळतं, आणि वेळ नसेल तर तेही वाईट नाही. पण मग आपल्या डिग्रीचा उपयोग काय? या गाडीचं सर्किट एका कागदावर मावतं. बॅटरी, इग्निशन स्विच, कॉइल, डायनॅमो, रेग्युलेटर, हॉर्न, चार दिवे. जुनं वायरिंग काढण्याआधी फोटो घ्या, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा, डायग्रॅम स्वतः काढा. मग एकेक वायर बदला.

काही पथ्यं मात्र पाळा. वायर बारीक तारांची, लवचिक, गाडीसाठीचीच हवी. घरातल्या फिटिंगची एकसंध तार कंपनानं तुटते. जाडी करंटप्रमाणे निवडा. थिंबल नीट प्रेस करा. नुसत्या सोल्डरवर भिस्त नको, कारण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होऊन तुटते. हँडलजवळ वायरला सैलपणा ठेवा. आणि अर्थिंग विसरू नका! फ्रेमला झकास पावडर कोटिंग केलं की अर्थचा बोल्ट रंगावर बसतो आणि करंटला परतीचा रस्ताच राहत नाही. तेवढी जागा घासून धातू उघडा करा, नाहीतर बॅटरीपर्यंत वेगळी अर्थ वायर ओढा. शेवटी योग्य अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीच्या अगदी जवळ.

सगळं मिळून दोन-तीन रविवारांचं काम आहे. आपण सबमिशनसाठी दुसऱ्याच्या जर्नलमधून डायग्रॅम उतरवतो, व्हायवात त्याच डायग्रॅमवर अडकतो. इथे उतरवायला जर्नल नाही. वायर चुकली तर दिवा लागत नाही, इतकी सरळ परीक्षा! ती एकदा देऊन बघा. क्रोम तर सगळेच चमकवतात. टाकीखाली न दिसणारं काम नीट करणं, यालाच तर इंजिनिअरिंग म्हणतात ना?