असर ते मगरिब: हा वेळ मुलांचा आहे

परवा नऊ वर्षांच्या भाच्याला विचारले, "आज काय खेळलास?" तो म्हणाला, "मामू, आज कुठे शनिवार आहे?" त्याचा खेळ शनिवारी असतो. फी भरून, सरांच्या शिट्टीवर.

बोईसरमधल्या आपल्या घरांत बहुतेक मुलांचा दिवस असाच जातो. सकाळी शाळा, दुपारी ट्यूशन, असरनंतर अरबीचा वर्ग, मगरिबनंतर होमवर्क. उरलेला वेळ मोबाईल. मग आपणच कुरकुर करतो, पोरं मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत. काढून त्यांनी बघायचे काय?

मोकळे सोडले की मुले बिघडतात, असे सांगणारे स्वतः तारापूर-चिंचणीच्या किनाऱ्यावर, वाडीत, गल्लीत लगोरी आणि विटी-दांडू खेळून मोठे झाले. तिथे पंच नव्हता. आऊट की नॉट आऊट, यावर आम्ही अर्धा तास भांडायचो. लहानग्याला 'कच्चा लिंबू' म्हणून घ्यायचे, हेही आमचे आम्हीच ठरवायचो. नियम करणे, हार पचवणे, रुसलेल्याला परत आणणे हे कोणी शिकवले नाही. कोचिंगमध्ये हे सगळे सर ठरवतात. म्हणून ते शिक्षण असेल, पण मुलाचा खेळ नव्हे.

दीनच्या नावाने खेळाला फालतू ठरवणाऱ्यांना माझा सरळ प्रश्न आहे. नातू पाठीवर चढला म्हणून पैगंबर (स.) यांनी सजदा लांबवला, त्याला घाईने उतरवले नाही. ही हदीस आपण जुम्म्याला ऐकतो आणि घरी येऊन मुलाला गप्प बसवतो. इमाम गजालींनी नऊशे वर्षांपूर्वी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये बजावले आहे की मकतब सुटल्यावर मुलाला खेळू द्या. खेळ बंद करून सतत अभ्यासाला जुंपले तर त्याचे मन मरते. हे गजाली आपल्याला का आठवत नाहीत?

मुलींचा खेळ तर आपण आणखी लवकर बंद करतो. हजरत आयशा (रजि.) बाहुल्यांशी खेळत. पैगंबर (स.) घरात आले की मैत्रिणी लाजून लपत, तेव्हा ते त्यांना पुन्हा खेळायला पाठवत. आपण मात्र दहा वर्षांच्या मुलीला सांगतो, "आता मोठी झालीस."

आपल्याच पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागड्या साधनांऐवजी त्यांनी मुलांच्या हाती खडे, पाने, शिंपले दिले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. शाळेने मुलाच्या आयुष्याशी जुळवून घ्यावे, हा धडा इतक्या जवळ असून आपण उलटे वागतो.

रस्त्यावर एमआयडीसीचे टँकर धावतात, मुलांना सोडायचे कुठे, ही भीती खरी आहे. मलाही वाटते. पण त्यावर उपाय मुलाला कोंडणे नव्हे, जागा मागणे आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान बंधनकारक केले आहे. तुमच्या मुलाच्या शाळेत ते आहे का? असेल तर संध्याकाळी त्याला कुलूप का? प्रवेशाच्या वेळी आपण एसी वर्ग विचारतो, मैदान विचारत नाही.

जमातींच्या जबाबदार मंडळींना माझी विनंती आहे. अरबीचा वर्ग फजरनंतर किंवा मगरिबनंतर घ्या. मशिदीचे, मदरशाचे आवार असरनंतर मुलामुलींसाठी उघडा. एक-दोन मोठी माणसे बाजूला बसू द्यात. त्यांनी लक्ष ठेवावे, खेळ शिकवू नये. आरडाओरडा होईल, एखादा गुडघा फुटेल. होऊ द्या.

भाच्याचा एक वर्ग आम्ही बंद केला. पहिले दोन दिवस तो दारात नुसता उभा राहिला, काय करायचे ते त्याला कळेना. तिसऱ्या दिवशी मगरिबची अजान झाली तरी घरी येईना. बहिणीला राग आला. मला बरे वाटले.