इम्प्लांट झाले, पुढे काय?



जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलावर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झाली की ते आता बोलू लागेल, अशी बातमी हमखास छापून येते. शस्त्रक्रिया यशस्वी होते, हे खरे. बोलण्याचा प्रश्न मात्र त्यानंतर सुरू होतो.

जखम भरल्यावर, साधारण तीन-चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. मूल तीन वर्षांचे असले तरी त्याचे ऐकण्याचे वय त्या दिवशी शून्य असते. निरोगी अंतर्कर्णात सुमारे 15 हजार केशपेशी असतात. त्यांचे काम इम्प्लांटमध्ये कंपनीनुसार 12, 16 किंवा 22 इलेक्ट्रोडवर भागवायचे असते. त्या संकेतांतून आवाज ओळखायला मेंदूला सरावच लागतो. तो सराव नसेल तर उच्चारही येत नाहीत. ओठांकडे बघून शिकवू म्हटले, तर पाय, बाय आणि माय ओठांवर सारखेच दिसतात. 'काका'मधला क जिभेच्या मागच्या भागाने उच्चारला जातो, तो तर दिसतच नाही.

म्हणून थेरपिस्ट आईला रोजची एक तपासणी शिकवतात. आई मुलाच्या मागे बसते आणि म, ऊ, आ, ई, श, स हे सहा ध्वनी एकेक करून, क्रम बदलत म्हणते. आवाज आला की मुलाने ठोकळा टोपलीत टाकायचा. एखाद्या सकाळी 'स'ला ठोकळा पडला नाही, तर बॅटरी, वायर किंवा मॅपिंग, म्हणजे मुलासाठी केलेली यंत्राची जुळणी, तपासायचे. दोन मिनिटांचे काम. पण ते शिकवणारे माणूस जवळपास हवे ना!

इथेच घोडे अडते. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून इम्प्लांट मोफत मिळते, त्यानंतरच्या थेरपीचीही त्यात तरतूद आहे. मात्र थेरपिस्ट बहुतेक मोठ्या शहरांत. तालुक्याच्या गावातून दर आठवड्याला एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज सोसायचा, तर मजुरी करणाऱ्या घराने किती दिवस सोसावा? त्यात वॉरंटी संपल्यावर तुटलेल्या वायरचा खर्च पालकांच्याच माथी.

लवकर निदान झाले की पुरे, असे काहींचे म्हणणे असते. त्यासाठी कोलोरॅडोतील योशिनागा-इतानो यांच्या 1998 च्या अभ्यासाचा दाखला देतात. सहा महिन्यांच्या आत श्रवणदोष ओळखलेल्या बालकांची भाषा पुढे सरस ठरली, हे त्यात दिसलेच. पण निदानानंतर थोड्याच अवधीत त्या घरांना नियमित मार्गदर्शनही मिळू लागले होते, हे सांगायचे राहून जाते.

तेव्हा शासनाने उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून निदान एक दिवस वाचा-उपचारतज्ज्ञ बसवावा आणि वायर-बॅटरीचा खर्च योजनेतच धरावा. वृत्तपत्रांनीही शस्त्रक्रियेची बातमी दिल्यावर वर्षभराने त्याच घरी पुन्हा जावे, थेरपी चालू आहे की सुटली ते विचारावे आणि जे आढळेल ते छापावे.

— एक वाचक