मधल्या आसनाचा न्याय

कनेरगाव नाक्यावर एस.टी.ची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसापुढे विमानातील मुखपट्टी आणि धूम्रपान यांच्या नियमांची चर्चा काढली, तर तो हसेल. नांदेडचे विमानतळ ज्याने बाहेरूनही पाहिलेले नाही, त्याला या नियमांचे काय? आमच्या काही साथींनाही हा वरच्या वर्गाचा घरगुती कलह वाटतो. तो समज चुकीचा आहे. बंद वाहनातील हवा कोणाची, आणि तिच्या रक्षणाचा खर्च कोणी सोसायचा, हा मूळ प्रश्न आहे. तो विमानात जितका खरा, तितकाच एस.टी.त.

प्रथम अधिकाराविषयी. प्रवाशाच्या ओठांतील सिगारेट काढून घेण्याचा शासनाला अधिकार आहे काय, असे व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने विचारले जाते. आमचे उत्तर निःसंदिग्ध आहे : आहे. एकाचा धूर दुसऱ्याच्या फुप्फुसात जातो, तेथे स्वातंत्र्य एकट्याचे उरत नाही. विमानातील धूम्रपानबंदी ही कंपन्यांची कृपा नव्हे. अमेरिकेत विमानसेविकांच्या संघटनांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला. १९९१ साली विमानसेविकांनी तंबाखू कंपन्यांवर दावा लावला आणि १९९७ साली कंपन्यांना ३० कोटी डॉलर मोजून तडजोड करावी लागली. प्रवासी दोन तास धूर गिळतो, कामगार जन्मभर! आपल्याकडे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सार्वजनिक वाहनांतील धूम्रपानास मनाई केली. विमानाला लागू असलेले तत्त्व त्यामुळे एस.टी.च्या वाहकाच्याही कामी आले.

परंतु अधिकार असणे वेगळे आणि तो समन्यायाने वापरणे वेगळे. २०२० सालची महामारी आठवावी. २३ मार्च रोजी विमान वाहतूक महासंचालनालयाने दोन प्रवाशांमधील आसन रिकामे ठेवण्याचा आदेश काढला. मे महिन्यात उड्डाणे पुन्हा सुरू होताच हा नियम गळून पडला. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात कोण गेले? एअर इंडियाचाच एक वैमानिक. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश बोबडे यांनी शासनाला ऐकवले की, विमान कंपन्यांच्या प्रकृतीपेक्षा नागरिकांच्या प्रकृतीची काळजी करा. तरीही अखेर मधले आसन भरलेच. मधल्या प्रवाशाला अंगावर घालण्यास एक झगा दिला, की शासनाचे कर्तव्य संपले!

त्याच वेळी उघड्या खिडक्यांच्या एस.टी.ला मात्र निम्म्याच प्रवाशांची मुभा होती. ती पूर्ण क्षमतेने धावू लागली सप्टेंबरमध्ये. एक आदेश दिल्लीचा, दुसरा मुंबईचा, असे उत्तर मिळेल. रोगाला हा भेद कळतो काय? एस.टी.वरील निर्बंध गैर होता, असे आमचे म्हणणे नाही. आक्षेप आहे तो खर्चाच्या वाटणीला. विमानात नियमाचा भार कंपनीच्या नफ्यावर पडू लागताच नियमच वाकला. एस.टी.त तो भार तोट्यातील महामंडळावर पडला, आणि त्याच वर्षी एस.टी. कामगारांचे पगार महिनोन्महिने थकले.

मुखपट्टीचीही तीच कथा. मार्च २०२१ मध्ये ती न लावणाऱ्या प्रवाशाला विमानातून उतरवण्याचा हुकूम निघाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सक्ती उठली. प्रवाशावर कठोर होण्यास शासनाला फार धैर्य लागत नाही. कंपनीला आसन रिकामे ठेवायला लावण्यास लागते. एप्रिल २०२२ मध्ये फ्लॉरिडातील एका न्यायाधीशाने आरोग्य खात्याला कायद्याने तेवढा अधिकारच नाही, असे म्हणून अमेरिकेतील प्रवासी वाहनांतली मुखपट्टीची सक्ती रद्द केली. तो निकाल आम्हांला मान्य नाही, पण त्यातील इशारा ध्यानात घ्यावा. परिपत्रकावर उभा राहिलेला अधिकार परिपत्रकानेच जातो, मग ते धनिकांच्या सोयीचे असो वा न्यायालयाने खोडलेले.

म्हणून कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये. प्रवासातील आरोग्याचे नियम विधिमंडळात व संसदेत उघड चर्चा होऊन कायद्याने ठरावेत; ते ठरवताना वैमानिक, विमानसेविका, चालक आणि वाहक यांच्या संघटनांना स्थान असावे; आणि नियमापायी होणारे सार्वजनिक सेवेचे नुकसान शासनाने भरून द्यावे, कामगाराच्या पगारातून नव्हे. विमानातील मधल्या आसनाला जो न्याय, तोच कनेरगाव नाक्यावर थांबणाऱ्या एस.टी.च्या बाकाला मिळाला पाहिजे. तोवर शासनाचा अधिकार आम्ही मान्य करू. त्याची नीती मात्र नाही.