आठवड्याच्या जेवणाची वही

कोणत्या मालाला उठाव आहे, दिवाळीपूर्वी किती तागे मागवावेत, कोणता माल गेल्या मोसमापासून फळीवर पडून आहे, हे मालवणच्या किंवा कणकवलीच्या पेठेतील व्यापाऱ्याला वही न उघडता सांगता येते. त्यालाच घरात महिन्याला तूरडाळ किती लागते असे विचारले, तर तो स्वयंपाकघराकडे पाहतो. स्वयंपाकघरातील गृहिणी अलीकडे अर्धा दिवस गल्ल्यावरही बसते. ती रोज दुपारी चार वाजता एकाच प्रश्नाशी येऊन थांबते : आज संध्याकाळी काय करायचे? दुकानात असा प्रश्न रोज पडला असता, तर ते दुकान फार दिवस चालले नसते.

आठवड्याचे जेवण आधी ठरवावे ही कल्पना नवी नाही. मोठ्या शहरांतील नोकरदार दांपत्यांत तिचे एक रूप चांगलेच रूढ झाले आहे. रविवारी कांदा-टोमॅटोचे वाटण, दोन उसळी, उकडलेले बटाटे असे सारे एकदम करून डबे भरायचे आणि आठवडाभर फ्रीजमधून काढून गरम करायचे. जैन घरात हे बसत नाही. ओलावा असलेले शिजवलेले अन्न रात्र ओलांडून गेले की ते वासी ठरते. कांदा, लसूण, बटाटा हा त्या सगळ्या पद्धतीचा आधार, आणि तोच येथे वर्ज्य. शिवाय किनाऱ्यावर पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. यावरून पुष्कळ घरांत असा समज झाला आहे की, नियोजन हे आपल्यासाठी नाहीच. वास्तविक ज्या घराला उद्यासाठी शिजवून ठेवता येत नाही, त्याच घराला उद्याचा विचार आज करून ठेवण्याची गरज अधिक असते. निवडलेले धान्य, भाजून दळलेले पीठ आणि घेतलेला निर्णय या तीन वस्तूंना वासीपण नाही.

आराखड्याला सुरुवात बहुतेक जण भाजीपासून करतात. ती घड्याळापासून करावी. जूनअखेरीस मालवणला सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो. नोव्हेंबरअखेरीस तो सहाच्या सुमारासच समुद्रात उतरतो. फरक तासाभराचा, पण चौविहार पाळणाऱ्या घराची सारी संध्याकाळ या तासावर अवलंबून असते. त्यातून 1997 मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि पुढे किल्ला व तारकर्लीकडे येणाऱ्या प्रवाशांनी दुकानांचे वेळापत्रकच बदलून टाकले. दिवाळी आणि नाताळच्या सुट्यांत गिऱ्हाईक खरे वाढते ते संध्याकाळी पाचनंतर. मुले त्याच सुमारास शाळेतून येतात आणि दप्तर टाकून शिकवणीला पळतात. अर्थात वर्षातील सर्वांत अवघड जेवण हे डिसेंबरातील संध्याकाळचे. डिसेंबरात जो आराखडा टिकतो, त्याला मे महिन्याची चिंता नसते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे, कारण घरात ती सहसा बोलली जात नाही. आजी-आजोबांचे ताट सव्वापाचला वाढले जाते, मुलांचे साडेपाचला, दुकानातून धावत आलेल्या पुरुषांचे सहाला दहा मिनिटे असताना. वाढणारी स्वतःचे ताट घेईपर्यंत दिवेलागण झालेली असते. मग ती तशीच उठते, ती दुसऱ्या दिवशीच्या नवकारशीपर्यंत. सगळ्यांचा नियम सांभाळणाऱ्या बाईला असा उपवास पचखाणाशिवाय घडतो, आणि ती तक्रार करत नाही म्हणून तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. व्यापारी हिशेबात सर्वांत शेवटी ज्याचे देणे भागते त्याची सोय आधी पाहावी लागते, नाही तर ताळेबंद वरवर जुळलेला दिसतो एवढेच. संध्याकाळच्या जेवणाचाही हिशेब शेवटच्या ताटापासून मागे मोजावा. सूर्यास्त सहाला असेल तर शेवटचे ताट साडेपाचला, म्हणून स्वयंपाक पाचला तयार, म्हणून पदार्थ असा की जो चाळीस मिनिटांत होतो. दुकानातील माणसांचे जेवण डब्यातून तेथेच जावे, किंवा दोघा भावांनी आळीपाळीने घरी यावे. शिकवणी साडेसहाची मागून घ्यावी. यांतील कोणत्याही गोष्टीला खर्च नाही. मात्र त्या आदल्या रविवारी ठरलेल्या असाव्या लागतात.

घड्याळानंतर पंचांग. दोन अष्टमी, दोन चतुर्दशी आणि शुद्ध पंचमी अशा पाच तिथी पाळणाऱ्या घरात आठवड्याला सरासरी एकाहून थोडा अधिक दिवस हिरवी भाजी नसते. बारा तिथी पाळणाऱ्या घरात साडेएकोणतीस दिवसांच्या चांद्रमासातील 12 दिवस असे जातात, म्हणजे आठवड्याला जवळजवळ तीन. तरीही बाजारातून भाजी येते ती सात दिवसांची. उरलेली भाजी टोपलीत कुजते, आणि श्रावकाच्या घरात भाजी कुजणे हे केवळ पैशाचे नुकसान नसते. मालवणचा आठवडा बाजार सोमवारी, कणकवलीचा मंगळवारी, कुडाळचा बुधवारी. मालवणच्या घराने रविवारी रात्री पंचांग उघडून त्या आठवड्यातील तिथी मोजाव्यात आणि सोमवारी तेवढे दिवस वजा करून पिशवी भरावी. भेंडी, गवार पहिल्या दोन दिवसांत संपवावी, दुधी आणि पडवळ नंतर. अखंड लाल भोपळा न चिरता आठवडेच्या आठवडे टिकतो. कोकणातील जुन्या घरांत तवशी आणि कोहळे आढ्याला बांधून ठेवत, ते अशाच हिशेबाने.

तिथीच्या दिवशी काय करावे, यासाठी मात्र फार दूर जावे लागत नाही. गुजरात-राजस्थानातून किंवा घाटावरून येथे आलेल्या घराण्यांनी खाखरा, गट्टे, पापडाची भाजी हे सारे बरोबर आणले आणि जपले, हे योग्यच झाले. पण ज्या गावात दोन-तीन पिढ्या व्यापार केला, त्या गावाच्या स्वयंपाकघराकडे त्यांनी पुरेसे पाहिले नाही. कदाचित शेजारच्या घरात मासळी शिजते म्हणून तेथील सारेच आपले नव्हे असे वाटले असावे. कुळथाची पिठी हे याचे उत्तम उदाहरण. कुळीथ भाजून, भरडून, सालपट पाखडून दळलेले पीठ डब्यात असले की हिंग, जिरे आणि सुक्या मिरचीच्या फोडणीत पाणी घालून, त्यात पीठ कालवून, दोन आमसुले टाकून पंधरा मिनिटांत पिठी होते. लसणीशिवाय तिला चव नाही असे मालवणात कोणीही सांगेल, पण हिंग सढळ हाताने घातला तर लसणीची आठवण होत नाही. बरोबर मऊ भात आणि पोह्याचा पापड. डिसेंबरातील चतुर्दशीला याहून सोयीचे जेवण सापडणे कठीण.

दुसरा पदार्थ काळ्या वाटाण्याची उसळ. ज्यांना मोड चालत नाहीत त्यांचीही येथे अडचण नाही, कारण मोड आणण्याची गरज नसते. सकाळी सातला भिजत घातलेले वाटाणे चारपर्यंत फुगतात, कुकरला लागतात आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाटणात पाचला उसळ तयार होते. मध्ये रात्र येत नाही. फक्त सकाळी सातला भिजत घालायचे हे आदल्या दिवशी माहीत असावे लागते. दुपारी चारला आठवून उपयोग नाही. तिसरे घावणे. आंबोळीचे पीठ रात्रभर आंबवावे लागते, घावण्याला ते लागत नाही. तांदळाचे पीठ, पाणी, मीठ, आणि बिडाचा तवा तापला की झाले. मुलांच्या डब्यालाही ते चालतात. फणस आणि नीरफणस यांविषयी घराघरांची परंपरा वेगळी आहे. ती ज्याची त्याने पाळावी.

पिठाची बाब पावसाळ्याशी जोडलेली. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवस मानतात. किनाऱ्यावरील दमट हवा ज्यांनी पाहिली आहे त्यांना या आकड्यांचे कारण सांगावे लागत नाही. पाच माणसांच्या, भातही खाणाऱ्या घराला दिवसाकाठी अर्धा ते पाऊण किलो कणीक पुरते, म्हणजे पावसाळ्यात एका वेळी दोन किलोंहून अधिक दळण नको. आराखड्यात दळणाचे दोन वार लिहून ठेवले की प्रश्न मिटला. त्याच दिवसांत कोल्हापूर-बेळगावकडील भाजी फोंडा किंवा आंबोली घाटातून यावयाची असते आणि दरड कोसळली की ती येत नाही. चातुर्मासात पालेभाजी बंद असलेल्या घरांनी श्रावणात मांडवावरचे स्थानिक पडवळ, दोडका आणि तवसे यांवर भिस्त ठेवावी आणि डाळी-कडधान्यांचा पंधरा दिवसांचा साठा आधीच भरावा. पाच माणसांच्या एका वेळच्या आमटीला साधारण 150 ते 200 ग्रॅम डाळ धरली की साठ्याचे गणित कोणालाही करता येते.

आराखडा कागदावर असल्याचा आणखी एक लाभ म्हणजे द्विदलाचा दोष आधीच दिसतो. ज्या दिवशी ताटात कच्चे दही आहे, त्या दिवशी मुगाची उसळ लिहिली गेली असेल तर एकीची जागा रविवारीच बदलता येते.

हा कागद कोणी लिहावा? घरातील पुरुषाने. स्वयंपाक त्याने करावा असा आग्रह येथे नाही. करीत असेल तर चांगलेच. पण साठा, आवक आणि वेळ यांचा मेळ घालण्याचे काम तो दिवसभर करतो, तेच अर्धा तास घरासाठी करण्यास त्याला अडचण नसावी. पत्नीने पदार्थ सांगावेत, सासूबाईंनी तिथी सांगाव्यात, मुलांनी आठवड्यातील एका संध्याकाळचा पदार्थ ठरवावा, आणि त्याने लिहावे. जुन्या खतावणीचे एक पान पुरे. रकाने पाच : सकाळ, मुलांचा डबा, संध्याकाळ, पाच ते सहा या वेळेत घरी कोण, आणि शेवटचे ताट प्रत्यक्षात किती वाजता वाढले गेले. पहिले चार रकाने रविवारी भरायचे, पाचवा रोज.

चार आठवड्यांनी वही उघडून आधी पाचवा रकाना वाचावा. तेथे सहा वाजून पाच मिनिटे अशी नोंद एकाच वारी दोन-तीनदा आढळली, तर त्या वारी गल्ल्यावर कोणाची पाळी होती हे चौथ्या रकान्यात पाहावे. पुढच्या रविवारी ती पाळी बदलून लिहावी. भाजी तीच राहिली तरी चालेल.