कामावर जाणाऱ्यांची सायकल

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्या आठवड्यात देशभर चर्चा झाली ती लहान मोटारींची आणि दूरचित्रवाणी संचांची. सायकलच्या वाट्याला फार तर एखादी ओळ आली. वास्तविक ही दुरुस्ती फार आधी व्हायला हवी होती. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारीवर ५ टक्के कर होता आणि त्यासाठी प्रदूषणाचे कारण दिले जात होते. त्याच सहा वर्षांत, धुराचा लवलेशही नसलेल्या वाहनाकडून मात्र १२ टक्के वसूल केले जात होते. वीस लाखांची मोटार घेणारा आणि सहा हजारांची सायकल घेणारा, या दोघांत सवलतीची गरज कोणाला अधिक होती हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

या कपातीने सहा हजारांच्या सायकलमागे साधारण पावणेचारशे रुपये वाचतात. त्याचे स्वागतच आहे. परंतु रोज कामावर जाण्यासाठी परवडणारी सायकल शोधणाऱ्या माणसाची अडचण तेवढ्याने दूर होत नाही. त्याच्या उपयोगाची सायकलच बाजारातून मागे सरत चालली आहे.

हा माणूस थोडाथोडका नाही. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग वगळून इतर कामांवर जाणाऱ्यांना प्रवासाचे साधन विचारले गेले होते. त्यांपैकी सुमारे १३ टक्के, म्हणजे अडीच कोटींहून अधिक लोक, सायकलने जात होते. स्कूटर-मोटारसायकलने जाणाऱ्यांपेक्षा हा आकडा किंचित जास्तच होता. तरीही सायकलविषयीचे आपले बोलणे दोनच टोकांना असते: एक तर रविवारी सकाळी हेल्मेट घालून निघणारे हौशी स्वार, नाही तर शाळेत मोफत सायकल मिळालेली मुले. दूध, वर्तमानपत्र, गवंड्याची थापी किंवा पहारेकऱ्याचा डबा घेऊन पहाटे निघणारा सायकलस्वार या बोलण्यात कुठेच नसतो.

दिल्लीतील झंडेवालानच्या सायकल बाजारात मी मागच्या हिवाळ्यात एक दुपार घालवली. आठ किलोमीटरवरच्या गोदामात बारा तासांची पाळी करणारा एक सुरक्षारक्षक तिथे सायकल पाहत होता. त्याच्यापुढे आली ती लाल रंगाची, ट्रॅक्टरसारख्या नक्षीच्या जाड टायरांची, पुढच्या चिमट्यात स्प्रिंग बसवलेली सायकल. तिला ना मडगार्ड होते, ना कॅरिअर, ना चेनकव्हर. हे सारे जोडल्यावर पाटीवरच्या किमतीत जवळजवळ हजार रुपयांची भर पडली. जुन्या काळ्या सायकलबद्दल त्याने विचारले, तेव्हा ती मागे गोदामात असल्याचे उत्तर मिळाले. धंद्याच्या भाषेत या काळ्या सायकलला आजही ‘स्टँडर्ड’ म्हणतात आणि बाकीच्यांना ‘फॅन्सी’. ज्यावर फायदा अधिक ते दर्शनी भागात, हा दुकानदाराचा हिशेब समजण्यासारखा आहे. परंतु त्यामुळे ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य उरले आहे असे म्हणता येत नाही.

मला कोणी सल्ला विचारला, तर मी म्हणेन की या किमतीतल्या स्प्रिंगपासून दूर राहावे. ती वजन वाढवते, पायाच्या जोराचा काही भाग स्वतःतच जिरवते आणि एकदा ढिली झाली की रस्त्याकडेच्या मिस्त्रीला ती दुरुस्त करता येत नाही. नक्षीदार जाड टायर चिखलासाठी असतात. डांबरावर ते नुसते ओढ वाढवतात. एकवीस गिअरचा मोह गंगेच्या मैदानी प्रदेशात तरी निरर्थक आहे. चढ किंवा उड्डाणपूल असतील तर मागच्या चाकाला सहा-सात गिअर पुरतात. डिस्क ब्रेक घेण्यापूर्वी त्याचे पॅड आपल्या मिस्त्रीकडे मिळतात का, हे विचारून घ्यावे. साधे रबरी गुटके कुठेही मिळतात. पॅडल सर्वांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हावा इतकी सीट वर घेता येते की नाही, हे दुकानातच पाहावे. बहुतेक स्वस्त सायकली एकाच मापात येतात आणि गुडघेदुखीचा दोष मग वयाला दिला जातो.

काळ्या सायकलीचे गोडवे गाण्याचाही माझा हेतू नाही. वीस किलोंच्या आसपास वजनाची ती वस्तू तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत रोज चढवणे म्हणजे शिक्षा आहे आणि पावसात भिजलेल्या पोलादी रिमवर तिचे दांड्यांचे ब्रेक भरवशाचे राहत नाहीत. पण तिच्या मोठ्या चाकांना खड्डे कमी लागतात, बंद चेनकव्हरमुळे कपडे काळे होत नाहीत, कॅरिअरवर पोते राहते आणि तिचा प्रत्येक भाग तालुक्याच्या बाजारात मिळतो. या सोयी कायम ठेवून वजन उतरवलेली आणि ब्रेक सुधारलेली सायकल पाच-सहा हजारांत मिळणे ही अशक्य कोटीतली गोष्ट नाही. लुधियानाच्या कारखान्यांना ती जमणार नाही असे कोण म्हणेल? तिची मागणी करणाऱ्याच्या हातात एकरकमी पैसे नाहीत, ही खरी गोष्ट आहे.

येथे कर्जाचा मुद्दा येतो आणि तो मला कराच्या मुद्द्यापेक्षा मोठा वाटतो. लाखभर रुपयांची मोटारसायकल थोडकी रक्कम भरून हप्त्यावर घरी नेता येते. सहा हजारांची सायकल घेणाऱ्याला मात्र बहुधा सगळी रक्कम रोख मोजावी लागते. मोटारसायकलची नोंदणी होते, म्हणून ती तारण राहते. सायकलची होत नाही. मग माणूस हप्त्याच्या सोयीने मोटारसायकल घेतो आणि रोज वीस किलोमीटरच्या येण्याजाण्यासाठी महिन्याला हजारभर रुपयांचे पेट्रोल जाळतो. सहा महिन्यांच्या पेट्रोलमध्ये सायकल आली असती. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पूर्वी सायकल खरेदीसाठी बिनव्याजी अग्रिम मिळत असे. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर २०१६ मध्ये तो बंद झाला. कालबाह्य म्हणून वगळलेली ही सोय कंत्राटी सफाई कामगाराला किंवा पहारेकऱ्याला आज किती उपयोगी पडली असती! पगारातून दरमहा पाचशे कापून घेणाऱ्या मालकाला फार मोठा धोकाही पत्करावा लागत नाही.

रस्त्यांविषयी थोडक्यात. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांना प्राधान्य देण्याची भाषा केली. त्यानंतर सात वर्षांनी कोलकात्यात पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलला मनाई केली. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक होते. तेव्हा दिवा आणि रिफ्लेक्टर यांवर काटकसर करू नये, हे खरेदीदाराला जसे सांगायचे, तसेच दिवा सायकलसोबतच का येत नाही, हे सरकारने कारखानदाराला विचारायचे.

सरकारला हे विचारण्याचा अधिकार आहे, कारण या देशातील सायकलींचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक तेच आहे. पश्चिम बंगाल, तमिळनाडू यांसारखी राज्ये निविदा काढून विद्यार्थ्यांना सायकली वाटतात. बिहारने २००६ मध्ये वेगळी वाट धरली: नववीतील मुलींना सायकलसाठी रोख दोन हजार रुपये दिले आणि निवड कुटुंबावर सोपवली. माध्यमिक शाळेतील मुलींची संख्या त्याने ठळकपणे वाढली, हे पुढे अभ्यासांतून दिसले. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीस साक्षरता मोहिमेबरोबर हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला तेव्हा त्यांतील काहींनी पुरुषांची सायकल घेतली, आणि मधल्या दांड्यावर मूल बसवता येते म्हणून तीच पसंत केली, असे पी. साईनाथ यांनी नोंदवले आहे. बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकरातून चालणाऱ्या कामगार कल्याण मंडळांनी हीच रीत उचलावी: मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, दिवा आणि दोन मापे एवढी किमान अट ठरवावी, ती पाळणाऱ्या कोणत्याही सायकलसाठी कामगाराच्या खात्यात पैसे जमा करावेत आणि दुकान व सायकल त्याला निवडू द्यावी.